त्रिकोणाची उंची काढताना या चुका टाळा

आपल्या करवीर तालुक्यात नदीच्या वळणाने नाहीतर रस्त्याने कापलेले त्रिकोणी तुकडे भरपूर. समजा अशा एका तुकड्याचे बांध 130, 140 आणि 150 फूट आहेत. 140 फुटांचा बांध पाया धरला, 130 फुटांचा उंची धरला आणि निम्मं केलं, की येतात 9100 चौरस फूट. खरं क्षेत्रफळ आहे 8400. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त फरक. एवढ्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

तिरकी बाजू ही उंची नव्हे. समोरच्या कोपऱ्यातून पायावर काटकोनात उतरते ती उंची, म्हणजेच शिरोलंब. इथं ती 120 फूट. काटकोन त्रिकोणात तेवढी काटकोनाची एक बाजू दुसरीवरची उंची असते, म्हणून ही सवय लागते.

दुसरी चूक पोरं हमखास करतात: शिरोलंब पायाच्या मध्यावर पडतो असं धरून चालतात. मध्यावर जाते ती मध्यगा. समद्विभुज त्रिकोणाच्या असमान बाजूवर दोन्ही एक होतात, एरवी नाही. वरच्याच तुकड्यात 140 चे 70-70 करून पायथागोरस लावून बघा. 130 च्या बाजूने उंची येते 109.5 आणि 150 च्या बाजूने 132.7. एकाच कोपऱ्याच्या दोन उंच्या कशा असतील? खरा लंबपाद, म्हणजे शिरोलंब पायाला टेकतो तो बिंदू, 130 च्या बाजूकडून 50 फुटांवर आहे, दुसरीकडून 90. आता दोन्हीकडून 120 च येते.

विशालकोन त्रिकोणात तर चांगले चांगले घसरतात. बाजू 4, 13, 15 सेंमी घ्या, पाया 4 चा. शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो, म्हणून पाया तुटक रेषेने 5 सेंमी पुढं वाढवावा लागतो. उंची 12 बरोबर येते, पण मग पाया 9 धरून 54 चौरस सेंमी लिहिलं जातं. वाढवलेला भाग फक्त गुण्या टेकवायला. पाया 4 च राहतो आणि उत्तर 24.

रानात ऊस उभा असेल तर मधून टेप ओढायच्या भानगडीत पडू नका. तिन्ही बांध मोजा आणि हेरॉनचं सूत्र लावा. वरच्याच तुकड्यात अर्धपरिमिती, म्हणजे तिन्ही बाजूंच्या बेरजेचं निम्मं, 210. त्यातून एकेक बाजू वजा केली की 80, 70 आणि 60. मग 210 × 80 × 70 × 60 चं वर्गमूळ 8400. उंची हवी तर याची दुप्पट करून पायाने भागा. दुप्पट विसरलात तर 120 ऐवजी 60 येईल.

उत्तर तपासायला पाया बदला. 150 वरची उंची 112 येते. 140 × 120 आणि 150 × 112, दोन्ही 16800. जुळलं नाही तर पुन्हा मोजा. सर्वांत लांब बाजूवरची उंची सर्वांत कमी यायला हवी, हेही बघा.

सातबाऱ्यावर मात्र आर असतात. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा साधारण 101.17 चा. म्हणजे 7.71 गुंठे आणि 7.80 आर हा एकच तुकडा; आकडे वेगळे दिसले म्हणून तलाठ्याशी भांडायला जाऊ नका.