हीट पंपाला वेगळं मीटर घ्यायचं का? अर्ज करायच्या आधी हे बघा

हीट पंप म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर किंवा पाणी गरम करणारं विजेचं यंत्र. घरावर सोलर असेल किंवा पुढेमागे लावायचा विचार असेल, तर सगळ्यात आधी सोलर कुठल्या मीटरला जोडलंय ते बघा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच बघायचं राहिलं, म्हणून ते परत परत सांगणार आहे.

वर्षभराची बिलं, मंजूर भार, सिंगल फेज का थ्री फेज, हे काढून ठेवा.

मग पंप वर्षाला किती वीज घेणार ते काढा. पंपाच्या नावातला किलोवॅटचा आकडा बहुतेक वेळा उष्णतेचा असतो, विजेचा नाही, त्यावरून हिशोब करू नका. घराला वर्षाला 12,000 युनिट उष्णता लागत असेल आणि सीओपीची (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) वर्षाची सरासरी 3 असेल तर वीज लागेल 4,000 युनिट. ब्रोशरमधला सीओपी धरू नका, तो ठराविक तापमानाला मोजलेला असतो आणि कडक थंडीत बराच खाली येतो.

आता दर. हीट पंपाला वेगळ्या मीटरवर स्वस्त दर मिळतो का, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या, पंप बसवणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मिळत असेल तर दुसऱ्या मीटरचा वर्षाचा स्थिर आकार भागिले युनिटमागे वाचणारे पैसे. जो आकडा येईल तेवढे युनिट पंपाने निदान वापरले पाहिजेत, तेव्हा कुठे स्थिर आकार निघतो, मीटर बसवायचा खर्च अजून वेगळाच. स्वस्त दर नसेल तर वेगळं मीटर कशाला? अपवाद एकच, स्लॅबने बिल येत असेल आणि पंपामुळे सगळं घर वरच्या स्लॅबमध्ये जात असेल तर, पण एकाच घरात दुसरं कनेक्शन देतात का ते आधी विचारा. पंप किती खातो एवढंच बघायचं असेल तर सबमीटर, म्हणजे घरच्याच मीटरमागे लावलेलं छोटं मीटर, पुरे.

आणि सोलर! सोलर घरच्या मीटरमागे आणि पंप दुसऱ्या मीटरवर, तर तुमच्याच छपरावरची वीज पंपाला मिळत नाही. ती बाहेर ग्रिडला जाते आणि पंप मात्र विकतची घेतो. गरम पाण्याचा पंप भर दुपारी चालवता येतो, तिथे हे नुकसान मोठं. घर गरम करणारा पंप थंडीत पहाटे आणि रात्री जास्त चालतो, तेव्हा सोलर तसंही नसतं, तिथे नुकसान कमी. म्हणून पंप कुठल्या तासांना चालणार ते लिहून काढा, मगच ठरवा. दोन मीटर एकामागे एक जोडून सोलर दोन्हीकडे पोचवता येतं, म्हणजे आधी घराला आणि उरलेलं पंपाला, पण त्याला कंपनीची परवानगी लागते आणि ती अर्ज करतानाच मागा, बोर्ड बंद झाल्यावर सगळं परत उघडावं लागतं. परत सांगते, सोलरची लाईन कुठे जाते ते बोर्डापाशी उभं राहून, बोट ठेवून विचारा.

स्वस्त दराच्या बदल्यात कंपनी काही तास पंप बंद ठेवू शकते का, तेही विचारा. ठेवत असेल तर कंट्रोल आणि पाणी फिरवणाऱ्या सर्क्युलेशन पंपाची वायर घरच्या मीटरवर घ्या, म्हणजे ते चालू राहतील. बॅकअप हीटर, म्हणजे पंप कमी पडला तर लागणारा साधा विजेचा हीटर, कुठल्या मीटरवर? तो एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, विसरू नका. बोर्डात जागा, केबलची जाडी, अर्थिंग हे वायरमन बघेल. दुसरं मीटर नंतर काढायचं झालं तर काय लागतं तेही विचारून ठेवा. सही करायच्या आधी सोलरची लाईन परत एकदा बघा.