बारावीतूनच मेडिकलची सीट: अमेरिकेतल्या बीएस-एमडीबद्दल आई-बाबांसाठी

नीट द्यायची, बारावीनंतर थेट एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत डॉक्टर. हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत आल्यावर मूल नववी-दहावीत 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हणतं, तेव्हा कळतं की इथे आधी चार वर्षं कॉलेज, मध्ये एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. तेवढ्यात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी सांगतं, 'अहो, बीएस-एमडी करा, बारावीतूनच सीट पक्की!' म्हणजे कॉलेजची बीएस आणि डॉक्टरकीची एमडी (आपल्या एमबीबीएससारखी इथली पहिली पदवी) या दोन्हींना बारावीतच एकत्र प्रवेश. आमच्याकडेही हे असंच सुरू झालं. मुलगी आता अशाच एका सात वर्षांच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे उन्हाळा संपत आला की ओळखीच्या आई-बाबांचे फोन यायला लागतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी असते. पहिली, खरोखर वर्षं वाचवणारे प्रोग्रॅम. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या मेडिकल स्कूलचा सहा वर्षांचा कोर्स 1971 पासून आहे. आमच्या न्यू जर्सीत द कॉलेज ऑफ न्यू जर्सी आणि रटगर्सचं न्यू जर्सी मेडिकल स्कूल मिळून सात वर्षांचा चालवतात. दुसरी, ब्राऊन विद्यापीठाच्या पीएलएमईसारखे पूर्ण आठ वर्षांचे प्रोग्रॅम. तिथे वेळ वाचत नाही. सीट राखून मिळते आणि एमकॅट द्यावी लागत नाही, एवढंच. तिसरी, कॉलेज झाल्यानंतरची तीन वर्षांची एमडी. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने ती 2013 मध्ये सुरू केली, आणि 2019 मध्ये उघडलेलं त्यांचं लाँग आयलंडचं स्कूल तर तीन वर्षांचंच आहे. बारावीतल्या मुलाला या तिसऱ्याचा आज काही उपयोग नाही, तरी यादीत ती असतेच.

मग पात्रता. हे मी फोनवर सगळ्यात आधी विचारते, आणि विचारताना मलाच अवघडल्यासारखं होतं: 'ग्रीन कार्ड आलंय का?' बहुतेक बीएस-एमडी प्रोग्रॅम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक मुलांनाच घेतात. एच-4 वरची (आई-बाबांच्या एच-1बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेली), लहानपणापासून इथेच शिकलेली मुलं इथे अडतात. त्यातून एकविसाव्या वर्षी आई-बाबांच्या व्हिसावरचं अवलंबित्व संपतं, म्हणजे कॉलेज चालू असतानाच स्वतःच्या व्हिसाची सोय बघावी लागते. निबंध, शिफारसपत्रं, सॅट या सगळ्याच्या आधी प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर ही ओळ शोधा. पैसे घेणारे सल्लागार ती शेवटी सांगतात, फी भरून झाल्यावर.

सल्ला कितीही छान वाटला तरी त्यावरची तारीख बघा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा नावाजलेला एचपीएमई हा असाच प्रोग्रॅम बंद झाला, तरी जुन्या याद्यांत तो अजून थाटात बसलेला आहे. यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप वनचा, स्कोअर जानेवारी 2022 पासून दिला जात नाही, फक्त पास-नापास. त्याआधीचे 'स्टेप वनसाठी अमुक स्कूल चांगलं' हे सल्ले आता निरुपयोगी. कर्जाचंही तसंच. 'फेडरल लोन मिळतं हो, काळजी कशाला' हे वर्षानुवर्षं खरं होतं. 2025 च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केलं आणि मेडिकलसारख्या शिक्षणाच्या फेडरल कर्जाला वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलरची मर्यादा घातली. खाजगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च याच्या वर सहज जातो. घरात बसून हा हिशेब अकरावीतच मांडा.

आता मुख्य मुद्दा. रेडिटवर असो की मंडळात, सल्ला देणारा बहुतेक वेळा नुकतीच सीट मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा किंवा त्याचे आनंदात असलेले आई-बाबा असतात. सीट कशी मिळवायची हे त्यांना ठाऊक असतं. ती टिकवायची कशी, हे त्यांनाही अजून कळायचं असतं. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत घसरून जीपीए (गुणांची सरासरी) अटीच्या खाली गेलेला मुलगा काही लिहीत नाही. त्यामुळे मी सांगते, नवीन विद्यार्थ्याशी बोलू नका, त्या प्रोग्रॅममधला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गाठा. त्याला एकच विचारा: तुझ्याबरोबर किती जण आले होते, आणि आज किती उरलेत?

कारण 'पक्की सीट' ही सशर्त असते. जीपीए किमान किती, विज्ञानाचा वेगळा धरतात का, एकाही विषयात सी आला तर काय, एमकॅट द्यायची का आणि किमान स्कोअर किती, एपीचे (शाळेतच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांचे) क्रेडिट बायोलॉजी-केमिस्ट्रीसाठी चालतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर ही सीट राहते का. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं. आमच्या मुलीने या अटींचा कागद छापून टेबलासमोर चिकटवलाय. मला आधी ते अति वाटलं होतं.

आपल्या लोकांचा एक खास सल्ला आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर बोलते. 'उन्हाळ्यात सांगलीला मामाच्या हॉस्पिटलात पाठवा, ओटी बघू दे, निबंधात चमकतं.' इथे अठराच्या आतल्या मुलांना हॉस्पिटलं सहसा जवळ फिरकू देत नाहीत, म्हणून हा मोह होतो. बघायला हरकत काहीच नाही. पण मामा कौतुकाने ग्लोव्हज घालायला लावतो, 'घे, एक टाका तू घाल' म्हणतो, आणि मूल तेच निबंधात अभिमानाने लिहितं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत: ज्याचं प्रशिक्षण आणि परवानगी नाही ते रुग्णावर करायचं नाही, देश कुठलाही असो. निवड करणारा डॉक्टर तो परिच्छेद वाचून विचार करतो की टाका घातलेल्या त्या रुग्णाला विचारलं होतं का कुणी. त्यापेक्षा ओपीडीबाहेर बसून, जतहून एसटीने आलेला माणूस नंबर लागेपर्यंत काय काय करतो हे नीट बघून लिहिलेलं पान कितीतरी भारी पडतं. इथल्या नर्सिंग होममध्ये दर शनिवारी आजोबांना पत्त्यात हरवणं हाही अनुभवच आहे.

पैसे देऊन छापलेले शोधनिबंध आणि अकरावीत उघडलेल्या 'संस्था' यांबद्दल फार बोलत नाही. मुलाखतीत दोन उपप्रश्न विचारले की फुगा फुटतो.

वेळापत्रकाचं सांगायचं तर अर्जांच्या तारखा बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, मुलाखती हिवाळ्यात, निर्णय मार्चअखेरीपर्यंत. नेहमीच्या कॉलेजांचे अर्ज सोबत भराच. चार वर्षं नीट शिकून मग मेडिकलला जाणं हाच इथला राजमार्ग आहे. आणि सीट मिळाली, तर 1 मेच्या आत होकार कळवण्याआधी अटींपैकी जी ओळ समजली नाही ती प्रोग्रॅमच्या ऑफिसला ईमेलने विचारा. त्यांनी फोनवर सांगितलं तरी लेखी मागा. चार वर्षांनी त्या खुर्चीत तीच व्यक्ती बसलेली असेल असं नाही.