‘गोष्टच कळली नाही’ म्हणण्याआधी: लपलेल्या कथेच्या गेममध्ये या चुका टाळा

‘डार्क सोल्स’ किंवा ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम पूर्ण केलेल्या माणसाला त्यातली गोष्ट विचारा. बरेचदा उत्तर येतं, “बॉस फाइट एक नंबर, पण स्टोरी डोक्यावरून गेली.” ऐकून हळहळ वाटते, कारण या गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट तिथेच हातची निसटलेली असते. इतकी मेहनत करून राजाला हरवायचं आणि तो राजा तिथे एकटा का उभा होता, हे माहीतच नसावं?

गोष्ट न कळण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या खेळण्याच्या सवयीत असतं. कधीकधी दोष गेमचाही असतो, त्याबद्दल शेवटी लिहिलंय. पुढे ‘डार्क सोल्स’, ‘डार्क सोल्स ३’ आणि ‘एल्डन रिंग’ या तिन्ही गेममधली रहस्यं उघड केली आहेत. खेळायचे बाकी असतील तर आधी खेळून घ्या.

वस्तू उचलली आणि पुढे पळालो

ही सर्वांत साधी चूक, आणि मुंबईत ती होणारच. विरार लोकलमधून घरी यायचं, जेवणाआधी तासभर मिळणार, त्यात एक बॉस (मोठा शत्रू) तरी पाडायचा असतो. अंगठी उचलली, बटण दाबून मजकूर उडवला, पुढे. पण हे गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या गेममध्ये कथा राहते ती त्या मजकुरातच. कटसीन, म्हणजे मध्ये येणारी चित्रपटासारखी दृश्यं, मोजके असतात. राजघराण्यातली भांडणं, कोणी कोणाला दगा दिला, हे सगळं चिलखतांच्या, अंगठ्यांच्या आणि मेलेल्या बॉसच्या सोलच्या (आत्म्याच्या) वर्णनात दोन-तीन ओळींत असतं.

अडचण अशी की इन्व्हेंटरी (मिळालेल्या वस्तूंची यादी) उघडली तरी गेम थांबत नाही आणि वाचता वाचता मागून कोणीतरी वार करतं. म्हणून वाटेत वाचूच नका. बॉनफायर किंवा ग्रेस या विसाव्याच्या जागेपाशी पोचलात की तिथे उभं राहून त्या भागात मिळालेलं सगळं एका बैठकीत वाचा. एकाच जागेच्या चार वस्तू लागोपाठ वाचल्या की त्या एकमेकींबद्दल बोलायला लागतात. दिवसाआड एकेक वाचली तर तो धागा जुळत नाही.

इंग्रजी जड जातं म्हणून मजकूर सोडून देणारेही खूप आहेत. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्यं अर्धवट सोडलेली असतात, मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला धास्ती वाटणं साहजिक आहे. पण ‘डार्क सोल्स’चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनीच मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते आपल्या आवाक्याबाहेरची पुस्तकं वाचायचे, काही भाग कळायचाच नाही, आणि ती गाळलेली जागा ते चित्रं बघून स्वतःच्या कल्पनेने भरायचे. त्यांचे गेम वाचायची रीतही हीच आहे. अर्धी ओळ कळली तरी तिथून पुढे जाता येतं. अडलेल्या ओळीचा फोनवर फोटो काढून ठेवा, सकाळी गाडीत शांतपणे अर्थ लावा.

आवाजाचंही तसंच. रात्री हॉलमध्ये घरचे झोपलेले असतात म्हणून टीव्ही म्यूट करून खेळू नका, इअरफोन लावा. ‘हॉलो नाइट’ या दुसऱ्या गेममध्ये नकाशे विकणारा कॉर्निफर जवळपास असला की त्याचं गुणगुणणं ऐकू येतं आणि वाटेत कागदाचे कपटे पडलेले दिसतात. आवाज बंद असेल तर यातली निम्मी खूण गेलीच.

लिहिलंय म्हणजे खरंच असणार

मजकूर मनापासून वाचणारे लोक नेमके या चुकीत अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

‘डार्क सोल्स’मध्ये आर्टोरियस नावाच्या सरदाराची ख्याती आहे. काळोख्या अ‍ॅबिसमध्ये शिरून त्याला नमवणारा वीर, अशी. त्याच्या कबरीवर सिफ हा प्रचंड लांडगा पहारा देतो. त्याला मारलं की आर्टोरियसची अंगठी मिळते आणि ती घातली की आपल्यालाही अ‍ॅबिसमध्ये उतरता येतं. माझा बोरिवलीचा मामेभाऊ इथवर आला आणि म्हणाला, “दादा, झालं की. आर्टोरियस हिरो, लांडगा त्याचा इमानी.” मी त्याला त्या अंगठीचं वर्णन पुन्हा वाचायला लावलं. त्यात म्हटलंय की ही अंगठी आर्टोरियसने अ‍ॅबिसमधल्या जनावरांशी केलेल्या कराराची खूण आहे. काळोखाला जिंकणाऱ्याने काळोखातल्या जनावरांशी करार कशाला करायचा? मामेभाऊ म्हणाला, “मग हे सांगतंय कोण?” बरोबर प्रश्न. इथपासूनच खरं वाचन सुरू होतं.

उत्तर 2012 मध्ये आलेल्या ‘आर्टोरियस ऑफ द अ‍ॅबिस’ या डीएलसीमध्ये, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेल्या भागात आहे. आपण भूतकाळात जातो आणि समोर आर्टोरियस उभा असतो, काळोखाने पुरता ग्रासलेला, डावा हात लुळा लोंबतोय, उरलेल्या हाताने वेड्यासारखी तलवार फिरवतोय. तो हरलेला आहे. पुढे खाली उतरलं की लहानगा सिफ एका ढालीच्या संरक्षणात सापडतो, आणि त्या ढालीचं वर्णन सांगतं की सोबत्याला वाचवायला आर्टोरियसने ती सोडली आणि तो स्वतः बुडाला. अ‍ॅबिसमधल्या राक्षसाला मारतो तो खेळाडू. कीर्ती मात्र इतिहासात आर्टोरियसच्या नावावर लागते. म्हणजे आधी वाचलेलं सगळं त्या जगातल्या लोकांनी जपलेली आख्यायिका होती. सिफला आधी वाचवून मग त्या कबरीपाशी जा. तो तुम्हाला ओळखतो, तिथला कटसीन बदलतो, आणि तरी लढावं लागतं.

हा डीएलसी हाताशी असूनही कित्येक जण तिथे पोचतच नाहीत, कारण दार सहज सापडत नाही. डार्करूट बेसिनमध्ये हायड्राला मारल्यावर सोनेरी गोलेममधून डस्क हिची सुटका करायची, मग ड्यूक्स आर्काइव्हजमधल्या गोलेमकडून तुटलेलं पेंडंट मिळवायचं आणि पुन्हा डस्क भेटली होती त्या जागी जायचं.

सापांचंही असंच. फायरलिंक या मुक्कामाच्या जागी फ्रँप्ट नावाचा साप येतो, ग्विन या जुन्या राजाच्या जागी बस आणि अग्नी पेटता ठेव म्हणतो. बहुतेक जण त्याचं ऐकतात आणि तेवढीच गोष्ट आहे असं धरून चालतात. पण लॉर्डव्हेसल हे भांडं मिळाल्यावर ते फ्रँप्टसोबत जाऊन ठेवण्याआधी फोर किंग्ज या बॉसना हरवलं, तर काथे हा दुसरा साप भेटतो आणि त्याच इतिहासाची अगदी उलट बाजू मांडतो. दोघांचाही मतलब आहे. गेम कोणाच्याही बाजूने कौल देत नाही.

म्हणून कुठलाही मजकूर समोर आला की तीन गोष्टी तपासा: हे कोण म्हणतंय, त्यात त्याचा काय फायदा, आणि ही वस्तू नेमकी कुठे पडली होती. तिसरा प्रश्न लोक सगळ्यात जास्त विसरतात.

जागा न बघणं

बोरिवली पश्चिमेला एकसर गावात जुने वीरगळ उभे आहेत. काहींवर खालच्या पट्ट्यात वल्ह्यांची जहाजं रांगेने कोरली आहेत, वर लढाई, त्याच्या वर स्वर्गाकडे निघालेले वीर आणि माथ्याशी शिवाची पूजा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. हे ठाऊक नसलं तर ते नुसते झिजलेले दगड दिसतात, ठाऊक असलं की अख्खी समुद्रातली लढाई डोळ्यांपुढे येते. अभ्यासक तिचा संबंध शिलाहार आणि यादवांच्या संघर्षाशी लावतात, तोही शिल्प आणि काळ यांची सांगड घालूनच.

गेममधले पुतळे आणि प्रेतंही अशीच, वाचायची दिशा कळली की उलगडणारी. अ‍ॅनोर लोंडो या ‘डार्क सोल्स’मधल्या देवांच्या शहरात पोचल्यावर सगळीकडे सोनेरी ऊन असतं आणि महालात ग्विनेव्हियर ही देवी स्वागत करते. तिच्यावर एक बाण सोडून बघा. ती विरून जाते आणि सगळं शहर क्षणात अंधारतं. ती देवी आणि ते ऊन हा सगळा ग्विनचा मुलगा ग्विंडोलिन याने उभा केलेला आभास होता. देव कधीच निघून गेलेत, ही त्या गेममधली सर्वांत मोठी बातमी आहे, आणि ती तोंडाने कोणी सांगत नाही.

‘एल्डन रिंग’मध्ये राजधानी लेंडेलला राडागॉन या राजाचा पुतळा आहे. समोर जमिनीवर लिहिलंय की परत फिरण्यातूनच गुपितं उघडतात. इथून लोक पुढे निघून जातात. पण जवळच्याच अर्डट्री सँक्चुअरीत ‘गोल्डन ऑर्डर प्रिन्सिपिया’ हे पुस्तक मिळतं, ते चर्च ऑफ व्हाउज्‌मधल्या मिरियल या कासवाला दिलं की ‘लॉ ऑफ रिग्रेशन’ हा मंत्र विकत मिळतो. त्याला इंटेलिजन्स (आपल्या पात्राची बुद्धीची पातळी) 37 लागतं, कमी पडत असेल तर टॅलिस्मन आणि शिरस्त्राणाने भर घालता येते. पुतळ्यासमोर तो मंत्र म्हटला की पुतळा बदलून मारिका या राणीचा होतो. दोघं एकच आहेत. ही गोष्ट कळल्यावर शेवटची लढाई वेगळीच दिसते.

एनपीसीला एकदा बोलून निघून जाणं

एनपीसी म्हणजे गेमच चालवतो ती पात्रं. समोरचा तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत बोलत राहा. मोठा बॉस पडला की जुन्या ओळखीच्यांकडे परत जा, त्यांच्याकडे नवीन बोलायला काहीतरी असतं. ‘एल्डन रिंग’मध्ये पात्रं न सांगता जागा बदलतात आणि सुरुवातीला त्याची कुठे नोंदही राहत नव्हती. मार्च 2022 च्या 1.03 पॅचपासून भेटलेल्या पात्राचं चिन्ह आणि नाव नकाशावर दिसतं, तेव्हा गेम जुना इन्स्टॉल केलेला असेल तर अपडेट करा. तरीही एक छोटी वही ठेवा: कोण, कुठे भेटलं, काय मागत होतं. एवढं पुरतं.

आधी व्हिडिओ, मग गेम

लोरचे, म्हणजे गेमच्या जगाचा इतिहास उलगडणारे, व्हिडिओ मीही बघतो, काही फार मेहनतीने केलेले असतात. पण खेळण्याआधी बघितले तर दुसऱ्याचा अंदाज आपल्या डोक्यात वस्तुस्थिती म्हणून बसतो. ‘डार्क सोल्स’मधल्या सोलेरचं उदाहरण घ्या. हा सूर्यभक्त योद्धा म्हणजेच ग्विनचा हाकलून दिलेला थोरला मुलगा, असं कित्येक वर्षं ठामपणे सांगितलं जायचं. मग 2016 मध्ये ‘डार्क सोल्स ३’ आला, त्यात ड्रॅगनांच्या बाजूला गेलेला नेमलेस किंग भेटला, आणि त्याच्या वस्तूंवरच्या मजकुरावरून तो वारस हाच असावा असं बहुतेकांना पटलं. आधीचा तर्क मूर्खपणाचा नव्हता, पण तो तर्क होता. आधी स्वतःचं मत वहीत लिहा, मग व्हिडिओ लावा, आणि “असं असू शकतं” कुठे संपतं आणि “असं आहे” कुठे सुरू होतं तिकडे कान ठेवा.

चूक खरंच गेमची असते तेव्हा

लपवलेली गोष्ट आणि न सांगता आलेली गोष्ट यात फरक आहे, आणि चाहत्यांनी तो मान्य केला पाहिजे. 2014 च्या ‘डेस्टिनी’मध्ये कथेचा मजकूर असलेली ग्रिमॉयर कार्डं गेममध्ये मिळायची, पण वाचायला गेम बनवणाऱ्या बंजीची वेबसाइट किंवा अ‍ॅप उघडावं लागायचं. मजकूर चांगला होता, पण खेळणाऱ्याने कितीही बारकाईने बघितलं तरी गेमच्या आत तो नव्हताच. ‘डेस्टिनी २’मध्ये पुढे लोर गेममध्येच वाचता येऊ लागलं, ते योग्यच झालं.

ओळखायची खूण सोपी आहे. चांगल्या गेममध्ये वरची गोष्ट स्वच्छ असते, खोली खाली असते. ‘डार्क सोल्स’ सुरुवातीलाच सांगतो, दोन घंटा वाजव. ‘हॉलो नाइट’मध्ये तीन ड्रीमर शोधायचे असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 चा ‘राजी’ घ्या. राजीला तिचा भाऊ गोलू शोधायचाय, एवढं पहिल्या काही मिनिटांत कळतं, आणि मग भिंतींवरच्या चित्रांतून देवादिकांच्या कथा ज्याला हव्यात त्याने थांबून ऐकाव्यात. वरचं ध्येयच धूसर असेल तर खालचं खणायला कोणी थांबत नाही.

मुंबईत घरबसल्या गेम बनवणाऱ्या मुलांना मी हेच सांगेन. गुपितं भरपूर ठेवा, पण खेळाडूला आपण कुठवर पोचलोय हे कळू द्या. 2019 च्या ‘आउटर वाइल्ड्‌स’मध्ये जहाजातला लॉग सापडलेले धागे आपोआप जोडतो आणि एखाद्या ठिकाणी अजून काही शोधायचं बाकी असेल तर तसं लिहितो. काय बाकी आहे ते मात्र सांगत नाही. 2018 च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि तीन उत्तरं बरोबर आली की मगच गेम ती पक्की करतो. त्यामुळे अंदाजपंचे नावं भरून चालत नाही, पण खेळाडू चुकीच्या वाटेवर दिवसभर भरकटतही नाही.

पहिल्यांदाच असा गेम घेणार असाल तर ‘आउटर वाइल्ड्‌स’पासून सुरुवात करा, तिथे लढाई जवळपास नाहीच आणि सगळं लक्ष शोधण्याकडे राहतं. त्यानंतर ‘हॉलो नाइट’, मग ‘डार्क सोल्स’. ‘आउटर वाइल्ड्‌स’बद्दल मात्र खेळून होईपर्यंत काहीही शोधू नका. त्या गेममध्ये कमवायचं असतं ते फक्त ज्ञान, आणि ते आधीच कळलं तर खेळायला काही उरत नाही.