सूर्यफुलाची जाळी स्टीलमध्ये कशी बसवायची

प्लेटवर स्टीलच्या गोल गोळ्या वेल्ड करून ही नक्षी करायची. सूर्यफुलात बिया ज्या नियमाने बसतात तोच वापरायचा, प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपासून साधारण 137.5 अंश फिरवून, आणि केंद्रापासूनचं अंतर गोळीच्या नंबरचं वर्गमूळ गुणिले 7 मिमी, म्हणजे 100वी गोळी बरोबर 70 मिमीवर. गोळ्या 10 मिमीच्या, माइल्ड स्टीलच्या (कमी कार्बनच्या) घ्या, बेअरिंगच्या नकोत, त्यात कार्बन जास्त असतो त्यामुळे वेल्ड तडकतं.

कोन मात्र एकापुढे एक मोजत जाऊ नका!! चूक साठत जाते आणि कडेला सगळी नक्षी तुटते, त्यापेक्षा नंबर गुणिले 137.508 करून 360 वजा करत राहा, त्या बिंदूंची प्रिंट काढा, प्लेटवर चिकटवून सेंटर पंच (खूण करायचं टोकदार हत्यार) मारा.

टॅक वेल्ड (गोळी जागेवर धरणारा छोटा वेल्ड) नंबरानुसारच करा, पुढची गोळी लांब पडते म्हणून उष्णता विखुरते आणि प्लेट कमी वाकते, किती सुंदर आहे हे!