स्वतःला समजून घ्यायला सेल्फ पोर्ट्रेट काढताय? मग या चुका टाळा

स्वतःचे फोटो काढून स्वतःकडे जरा नीट बघावं असं आता बऱ्याच जणांना वाटतंय आणि ते खरंच चांगलं आहे, कारण डायरी लिहायला शब्द लागतात आणि वाईट दिवसांत नेमके शब्दच सुचत नाहीत. पण बरेच जण दोन-तीनदा करून सोडून देतात. "मी फोटोत बरी दिसतच नाही" नाहीतर "वेगळं काही कळलंच नाही", ही दोन कारणं कायम ऐकू येतात आणि दोन्हीमागे बहुतेक वेळा साध्याच चुका असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्क्रीनवर स्वतःला बघत फोटो काढणं. फ्रंट कॅमेरा लावला की आपण आपोआप मान तिरकी, हनुवटी खाली, ओठांवर तेच हसू असा ठरलेला चेहरा करतो, आणि तो चेहरा तर आपल्याला आधीपासून माहितीये, त्यातून नवीन काय कळणार? फोन फिरवा, मागचा कॅमेरा लावा, १० सेकंदांचा टायमर द्या. स्वतः दिसत नाही म्हटल्यावर सुरुवातीचे फोटो अवघडलेले येतात, येऊ द्या, काढत राहा. थोड्या वेळाने पोज द्यायचाच कंटाळा येतो, खांदे सैल पडतात, आणि बघण्यासारखं जे असतं ते तिथून पुढे असतं. तीन फोटोंवर उठू नका.

हात लांब करून काढलेल्या फोटोवरून स्वतःच्या चेहऱ्याबद्दल मत बनवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवलं की एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे दोष अंतराचा आणि आपण नावं ठेवतो नाकाला! फोन पाच-सहा फूट लांब ठेवा. दुसरं म्हणजे आरशात आपण स्वतःला कायम उलटं बघतो, डाव्याचं उजवं, त्यामुळे सरळ फोटो आला की "ही मी नाहीच" असं वाटतं. १९७७ च्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो. फक्त सवयीचा भाग आहे. आणि हो, ब्युटी मोड बंद आहे ना ते आधी बघा, बऱ्याच फोनमध्ये तो न विचारता चालू असतो.

फोकस मागच्या भिंतीवर जात असेल तर जिथे बसणार तिथे एक खुर्ची ठेवा, स्क्रीनवर खुर्चीवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मग त्याच जागी बसा. फोटोत पट्टे येत असतील तर ते ट्यूबलाइटमुळे, ती बंद करून खिडकीशी बसा, पण खिडकी पाठीमागे नको.

आता खरी गोष्ट. नुसतं बसून फोटो काढले तर हाती काही लागत नाही, सोबत एखादा प्रश्न हवा. ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्स यांना १९८२ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी स्वतःच्या स्तनावर पेनाने लिहिलं, "जो स्पेन्सची मालमत्ता?" आणि तसा फोटो काढून घेतला. ते प्रश्नचिन्ह बघा. माझ्या शरीराचा निर्णय कोण घेणार, हे त्यांनी त्या एका फोटोत विचारून टाकलं. आपला प्रश्न एवढा मोठा नसला तरी चालेल, "ऑफिसातून आल्यावर मी कशी बसते?" एवढाही पुरतो.

चेहरा दिसलाच पाहिजे असंही काही नाही. शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करणाऱ्या फोटोग्राफर व्हिव्हियन मायर दुकानांच्या काचेत, रस्त्यावर पडलेल्या सावलीत स्वतःला टिपायच्या. आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग यांनी कित्येक दशकं स्वतःचे फोटो काढले, वाचताना, योगासनं करताना, उपवासाने खंगलेलं अंगसुद्धा, आणि वय चढत गेलेलं त्यात स्पष्ट दिसतं.

काढल्या काढल्या डिलीट करणं ही तर अगदी घरोघरची सवय. त्या क्षणी आपण फक्त बरे-वाईट ठरवत असतो, बघत नसतो. वेगळा फोल्डर करा, आठवडाभर उघडू नका. उघडल्यावर आधी फक्त दिसतं तेवढंच लिहा, "थकलेली" असं नाही, तर "डावा खांदा वर, नजर दाराकडे" असं. एका मैत्रिणीच्या जवळपास प्रत्येक फोटोत उजव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला होता, एकट्या फोटोत ते कधीच लक्षात आलं नसतं, ओळीने लावल्यावर दिसलं. मग तिने तो दिवसभरात कधी दाबला जातो ते बघायला सुरुवात केली. लगेच अर्थ काढायला मात्र जाऊ नका, एका उदास फोटोवरून "मी डिप्रेशनमध्ये आहे" हे ठरत नाही. उलट दरवेळी फोटो बघून स्वतःचा रागच येत असेल, जेवणखाण, झोप बिघडत असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि समुपदेशकाशी बोला, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

राहिला एकांताचा प्रश्न. वन रूम किचनमध्ये चार माणसं असताना टायमर लावून बसायचं म्हणजे प्रत्येकजण विचारणार "काय चाललंय?" सकाळी सगळे उठायच्या आधी गच्चीवर जा, किंवा सरळ सांगून टाका की अर्धा तास मला एकटीला हवाय. आणि हे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत हे आधीच ठरवा, कारण टाकायचं डोक्यात आलं की हनुवटी परत खाली जाते. घरातल्यांचा शेअर्ड अल्बम असेल तर हे फोटो तिकडे आपोआप जात नाहीत ना ते सेटिंगमध्ये तपासा आणि लॉक्ड फोल्डरमध्ये ठेवा, पण त्यातले फोटो बॅकअप होतात की नाही हेही बघून घ्या, नाहीतर फोन बदलताना वर्षभराचे फोटो जातील.