जपानमधल्या गल्लीतल्या बेकरीत

क्योतोला मुक्काम असेल तर हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. सकाळी आठच्या सुमारास जवळपासची छोटी बेकरी गाठा. क्योतो म्हटलं की आपल्याला देवळं आणि माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, आठवतो, पण तिथली माणसं पावाची भारी शौकीन आहेत. निघण्याआधी नकाशावर सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या. ही दुकानं रविवारी उघडी आणि सोमवारी-मंगळवारी बंद असू शकतात. काही ठिकाणी माल संपला की भर दुपारी शटर खाली.

आत शिरताना पाठीवरची सॅक पुढे घ्या. जागा चिंचोळी असते आणि पाव कोपराच्या उंचीवर उघडे मांडलेले असतात. दाराजवळचा ट्रे आणि चिमटा घेतला की लगेच उचलायला लागू नका, आधी एक चक्कर मारा. चिमट्याने उचललेला पाव परत ठेवत नाहीत, आणि बोटाने दाबून बघायचं तर नावच नको. ‘याकिताते’ असं कोणी पुकारलं तर तिकडे वळा, नुकतंच काहीतरी भट्टीतून निघालंय.

पहिल्यांदा अनपान घ्या. जपानीत ‘पान’ म्हणजे पाव. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण असतं, थेट आपल्या पुरणासारखं. तोक्योच्या गिन्झातल्या किमुराया या बेकरीने 1874 मध्ये तो काढला आणि पुढच्याच वर्षी मेइजी सम्राटांपुढे खारवलेलं साकुराचं, म्हणजे चेरीचं, फूल लावून गेला. मेलनपानमध्ये बहुतेकदा मेलन नसतं. वरच्या बिस्किटासारख्या कवचावर चौकटी असतात, एवढंच. मला विचाराल तर शिओपान, म्हणजे मिठाचा पाव, सगळ्यांत सरस. आतलं लोणी वितळून तळाशी उतरतं आणि बूड कुरकुरीत होतं.

आता शाकाहाऱ्यांचं. माझ्या आईला अंडं चालतं, मांस अजिबात नाही. करीपान म्हणजे करी भरलेला पाव, तळलेला, खमंग, मसाल्याच्या वासाचा. आपला हात हमखास तिकडेच जातो. पण आत बहुधा गाईचा नाहीतर डुकराचा खिमा असतो. बटाट्याच्या कोरोक्केत, म्हणजे तळलेल्या कटलेटमध्येही, खिमा असू शकतो. ‘निकु हाइत्तेमास का?’ म्हणजे मांस आहे का, असं विचारा. पण हॅम आणि बेकनचं वेगळं विचारा, ‘निकु’त ते धरले जातीलच असं नाही. पिठात डुकराची चरबीही असू शकते, तिला ‘रादो’ म्हणतात. अंडंही नको असेल तर साधा बगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, बरा, त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं. तरी विचारून घ्याच.

गल्ल्यावर ट्रे ठेवला की प्रत्येक पाव वेगळ्या पिशवीत जातो. ‘फुकुरो’ विचारलं तर ती मोठी पिशवी, तिचे पैसे बहुधा वेगळे. घरची कापडी पिशवी पुढे करा. आत बसून खाल्लंत तर कर 10 टक्के, बांधून नेलंत तर 8. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवा, आणि रोख जवळ असू द्या.

चालता चालता खाऊ नका, बरं दिसत नाही. कामो नदीच्या काठी बसणार असाल तर झाडाखाली बसा, कारण तिथल्या घारी मागून झेप घेऊन हातातला पाव पळवतात. रिकाम्या पिशव्या सॅकमध्येच घाला, वाटेत कचरापेटी सहसा मिळत नाही.