'फॉल्स फ्लॅग' म्हणण्याआधी या चुका टाळा

गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासते. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षापासून 'फॉल्स फ्लॅग' हा शब्द उत्तरांत वारंवार येऊ लागला आहे, आणि बहुतेकदा चुकीच्या जागी. जिथे माणसं मारली गेली आहेत तिथे हा शब्द इतका सैल वापरलेला बघून मला खरंच त्रास होतो.

पहिली चूक म्हणजे प्रत्येक फसवणुकीला हेच नाव देणं. एका मुलाने शायिस्ताखानावरचा १६६३ चा छापा यात घातला होता. मावळे वरातीच्या आडून पुण्यात शिरले असं सांगतात; पण महाराजांनी तो छापा दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवला नाही. खानाची बोटं कुणी तोडली ते साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. तो गनिमी कावा. फॉल्स फ्लॅगमध्ये वार आपण करायचा आणि आळ दुसऱ्यावर जाईल अशी मांडणी आधीच करून ठेवायची. आपला 'बनाव' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा. घडलेल्या गोष्टीबद्दल नंतर चोराच्या उलट्या बोंबा मारणं म्हणजे कांगावा, तोही वेगळा.

'फॉल्स फ्लॅग', म्हणजे खोटा झेंडा, हा शब्द आला समुद्रावरून. १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका 'एम्डन' चौथं खोटं धुराडं लावून, ब्रिटिश जहाज भासवत पेनांगच्या बंदरात शिरली आणि तिने रशियन क्रूझर बुडवली. (महिनाभर आधी मद्रासवर तोफा डागणारी ती हीच.) पण गोळा सुटण्याआधी तिने आपला खरा झेंडा चढवला, म्हणून त्या काळच्या नौदल रिवाजात ते बसत होतं. जमिनीवर शत्रूचा गणवेश घालून हल्ला करायला १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने स्पष्ट मनाई केली आहे.

खरा बनाव कसा असतो ते ग्लायवित्झला दिसतं. ३१ ऑगस्ट १९३९ ची रात्र. पोलंडच्या सीमेलगतच्या या जर्मन गावातल्या रेडिओ केंद्रात एसएसची, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाची, माणसं पोलिश हल्लेखोर बनून घुसली आणि पोलिश भाषेत एक छोटी घोषणा प्रसारित केली. जाताना पुरावा म्हणून एक माणूस तिथे टाकून गेली. त्याचं नाव फ्रान्झिशेक होनिओक. पोलंडची बाजू घेणारा म्हणून त्याला आदल्या दिवशी उचलला होता, आणि बेशुद्ध करून तिथे आणला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. हे आपल्याला कळलं ते तर्काने नाही. त्या तुकडीचा म्होरक्या आल्फ्रेड नाउयॉक्स याने नंतर नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यासाठी शपथेवर सांगितलं म्हणून.

आता मुलांचं लाडकं वाक्य: "मॅडम, फायदा कुणाला झाला ते बघा ना!" बघावं, जरूर बघावं. पण तिथे शोध सुरू होतो, संपत नाही. १९३३ मध्ये राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसद भवन, जळालं, त्याचा पुरेपूर फायदा हिटलरने उठवला. तरी आग कुणी लावली यावर इतिहासकारांचे वाद आहेत, कारण मारिनस व्हान डर लुब्बे हा डच कम्युनिस्ट तरुण आतच पकडला गेला होता. आगीचा उपयोग करून घेणारा आग लावणाराच असतो असं नाही.

कागदावरचा बेत घडलेला म्हणून लिहू नका. 'ऑपरेशन नॉर्थवूड्स' हा १९६२ चा अमेरिकी लष्करी प्रस्ताव होता: स्वतःच हल्ले घडवायचे आणि क्युबाला दोष द्यायचा. तो प्रत्यक्षात आलाच नाही. टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ रोजी उत्तर व्हिएतनामने अमेरिकी जहाजांवर हल्ला केला असं सांगितलं गेलं, पण तो झालाच नव्हता. तिथे बनाव नव्हता, चुकीची खबर होती, आणि ती तपासायच्या आत व्हिएतनाम युद्ध वाढवलं गेलं.

उलट टोकाची चूकही होते: 'कुठलं सरकार असं करेल?' चीनच्या मांचुरिया भागात मुकदेनजवळ १९३१ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला आणि आळ चिन्यांवर टाकला. नुकसान इतकं किरकोळ की थोड्याच वेळात त्यावरून गाडी गेली. तेवढ्या निमित्तावर मांचुरिया गिळला गेला. १९५४ मध्ये इस्रायली गुप्तहेरांनी, आळ स्थानिक गटांवर जावा म्हणून, इजिप्तमधल्या अमेरिकी वाचनालयांत बॉम्ब ठेवले होते.

पुरावा कसा मागायचा हे मला देवळालीच्या एका निवृत्त सुभेदार काकांनी शिकवलं. तोफखान्यात आयुष्य गेलेलं. अभ्यासिकेच्या अंगणात काठीने मातीत त्यांनी एक लांबट खड्डा काढला. गोळा तिरका येतो, माती कुठल्या बाजूला जास्त उडाली ते बघायचं, त्यावरून तो आला कुठून ते काढता येतं. "मग पल्ला मोजायचा. त्या टप्प्यात तोफ होती का?" मी त्यांना माइनिलाचं सांगितलं. २६ नोव्हेंबर १९३९ ला फिनलंडच्या सीमेजवळ, सोव्हिएत हद्दीतल्या या गावात गोळे पडले. मॉस्कोने फिनलंडला जबाबदार धरलं. फिनलंडने संयुक्त चौकशी मागितली. मॉस्कोने ती नाकारली आणि ३० तारखेला आक्रमण केलं. काका म्हणाले, "खड्डा बघू देत नाहीत, तिथे माझा संशय वाढतो. पण संशय म्हणूनच सांगीन हं."

तर हल्ल्यानंतर पहिले काही दिवस 'संशय आहे' एवढंच लिहा. व्हिडिओचं मूळ शोधा. त्या मे महिन्यात तर व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली. आणि चुकीचं आधीच पुढे पाठवलं असेल, तर ते गुपचूप डिलीट करू नका, कारण ज्यांनी वाचलं त्यांना ते खरंच वाटत राहतं. आमच्या एका मुलीने इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता लिहिलं होतं: 'सकाळी मी टाकलेला व्हिडिओ खोटा आहे. काका-काकू, तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिकडेही हे टाका.'